दोन खोकी

नाना पेठेत, काउंटरवर दोन खोकी.
एकात स्टीलची नळी, मनगटाहून जाड, चकचकीत.
दुसऱ्यात लाल शंकू, कुल्फीच्या साच्यासारखा,
त्याला फिल्टर म्हणायचं.

इलियासभाई तांबोळी माझ्या दिराशी बोलतात.
गाडी माझी, हप्ते माझे, आरसीवर नाव माझं,
तरी "साहेब, बघा."
साहेब मोबाईल बघतोय.

"एक्झॉस्ट बदला, गाडी मोकळी होते.
चार घोडे वाढतात."
चार घोड्यांत वरातीची बग्गी निघेल, इलियासभाई.
ही सात सीटची, अठराशे किलोची,
खंबाटकी चढताना हिला धाप लागते.

"मग इन्टेक. गार हवा, भरपूर हवा."
गार? मे महिन्यात?
चार वर्षं खोदलेल्या रस्त्यावरून जाते मी,
तिथं हवा भरपूर
आणि हवेत सिमेंट भरपूर.

ते हसतात. हसता हसता खोकतात.
मी ऐकते. सवय आहे.

नऊ ते पाच माझं कामच ते.
सोमवार पेठ, दुसरा मजला, पडदा लावलेली खोली,
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी,
घ्या, घ्या, अजून घ्या, अजून,
आता सोडा! फुंका फुंका फुंका,
थांबू नका काका, फुंका!
काकांचे डोळे बाहेर, कागदावर रेघ.
एकवीस वर्षं झाली.
लोक म्हणतात, श्वास आत जात नाही.
पुष्कळदा जातो हो.
बाहेर निघत नाही.
खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा जुना श्वास आत बसून राहतो
आणि नव्याला जिन्यातच उभं करतो.

म्हणजे एक्झॉस्टच, नाही का?
म्हणणारच होते.
पण मी निघते पहाटे पावणेसहाला,
आणि समोरच्या देशिंगकरांचं बाळ सात आठवड्यांचं,
नुकतं झोपलेलं असतं.
शिवाय मागच्या महिन्यात पोलिसांनी
चौकात सायलेन्सर ओळीनं मांडले
नि वरून रोडरोलर फिरवला.
उसाच्या गुऱ्हाळाला जमावी तशी गर्दी.

"बॉनेट उघडा," मी म्हटलं. "आधी आहे ते बघू."

पोऱ्यानं क्लिपा काढल्या.
फिल्टर मुळात पिवळा असावा.
घड्याघड्यांत धूळ, पाकोळीचा पंख,
कडुलिंबाची काडी,
आणि उंदरानं मायेनं रचलेली गादी:
माझ्या सीटचा स्पंज,
खेड शिवापूरच्या टोलची पावती, कुरतडलेली,
फास्टॅगच्याही आधीची.

दिरानं मोबाईल खिशात ठेवला.
सर्व्हिसिंगला गाडी तोच नेतो.
पैसे मी देते.
दोन हजार, कधी तीन.

कोणी काही बोललं नाही.
पोऱ्या गादीकडे बघत राहिला,
"पिल्लं गेली वाटतं," एवढंच म्हणाला.

"साधा कागदाचा केवढ्याला?"
"सहाशे वीस."
"तो बसवा."

खोकी परत फळीवर गेली.
इलियासभाईंनी कॉम्प्रेसरची नळी घेतली,
डबा फुंकून काढला,
सगळी धूळ त्यांच्याच तोंडावर.
या खेपेला खोकला लांबला.
नकळत मोजलं मी.
शेवटी बारीक शिट्टी होती,
दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

"शुक्रवारी या माझ्याकडे. दहा मिनिटांचं काम."
"शुक्रवारी जुम्मा."
"मग शनिवारी."
"आधी गाडी लावून बघा, ताई."

ताई म्हणाले. साहेबाकडे न बघता.

लावली. आवाज तोच,
कुरकुर थोडी कमी.
खंबाटकीचं खंबाटकीत कळेल.
रिव्हर्स घेताना आरशात इलियासभाई,
एक हात फळीला, खांदे कानाशी.
खांद्यांनी श्वास घेणारी माणसं
मी जिन्यावरच ओळखते.

काच खाली केली.
"शनिवार, अकरा वाजता. खाऊन आलात तरी चालेल, पण थोडंच.
बिडी मात्र सकाळपासून नाही."